हृषी, तुझं गाणं पुरावा नाही

हृषीकेशवर अन्याय झाला तो होळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी, अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस चौकीत. आदल्या दिवशी तो औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात, गाण्याच्या सरावाच्या खोलीत, विजेचा झटका बसून गेला. ते मरण झालं. त्यालाही जबाबदार माणूस आहे, त्याच्याकडे येतेच. पण मी अन्याय म्हणतेय तो दुसऱ्या दिवशीचा. गाळ्याच्या मालकाने आपल्या मोबाइलवर हृषीचं गाणं लावलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ऐका साहेब. पोरगा मरायचंच म्हणत होता." साहेबांनी ऐकलं. तेही अर्धंच. आणि कागदावर शब्द उतरला, आत्महत्या.

मी तिथेच होते, हृषी. बाकावर, तुझ्या बाबांच्या शेजारी. त्या फोनच्या फुटक्या स्पीकरमधून तुझा आवाज येत होता आणि तुझं एकही गाणं आजवर शेवटपर्यंत न ऐकलेले तुझे बाबा मान खाली घालून ऐकत होते. "पुरे झालं मला आता, उशाचा दिवा काढा, उजेडाचं ओझं होतं." बाबांनी मला हळूच विचारलं, "हे त्याने कधी लिहिलं?"

तुझे आबा हॉस्पिटलात होते तेव्हा लिहिलंस. बाबांना ते माहीत नव्हतं, कारण तू घरी सांगितलं नव्हतंस. नळ्या लावलेले आबा ट्यूबलाइटकडे बोट दाखवून म्हणाले होते, "माका पुरे झाला आता. ह्यो दिवो काड रे झिला." तू बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मला फोन केलास. रडत होतास आणि रडता रडता म्हणालास, "यार, याच्यापेक्षा भारी ओळ मला आयुष्यात सुचणार नाही." मला तेव्हा राग आला होता. आजोबा जातायत आणि हा ओळी गोळा करतोय. पुढे तू ते गाणं गायलास तेव्हा कळलं की तुझी आबांना धरून ठेवायची पद्धत ती होती. तुला दुसरी येतच नव्हती.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, आजोबांचं आजोबांनी गायचं ना मग." हवालदार हसला. मग साहेबांनी मला नीट निरखलं. "गटाराच्या मोर्च्यात तुम्हीच होता ना? पत्रकं वाटत होता. तुम्हाला सगळीकडे अन्यायच दिसतो. मला एवढं सांगा, तुम्ही त्या खोलीत होता का?"

नव्हते.

"मग?"

त्या "मग"पुढे मी अजून उभी आहे.

तुझे आबा आयुष्यभर गिरणीत राबले आणि आयुष्यभर भजनात मृदंग वाजवला. त्यांचं अख्खं मंडळ दर एकादशीला टाळ कुटत देवाकडे मरण मागायचं. आता ने, आता सोडव, हा देह नको. तासन्‌तास. त्यांच्यावर कुणी कागद नाही केला. उलट चहा पाजला. तू तेच मागणं काळा टी-शर्ट घालून, एका डोळ्यावर केस पाडून, किंचाळत मागितलंस, तर तो तुझ्याविरुद्ध पुरावा झाला. फरक एवढाच ना, की त्यांच्या डोक्यावर टोपी होती?

लोक मला विचारतात, तू गायचास ते इमो म्हणजे काय. मी सांगते, दुःखाची लाज न बाळगणारी पोरं. मग विचारतात, आणि इंडोनेशिया कुठून आलं मध्येच? तेही सांगते. तू अंधेरीच्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या व्हिडिओंखालची अक्षरं तपासायचास. एकदा असाच भटकत मलांग नावाच्या गावातल्या एका गिगच्या, म्हणजे छोट्याशा कार्यक्रमाच्या, रेकॉर्डिंगवर पोचलास. इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं गाव. शिंप्याच्या दुकानाएवढी खोली, स्टेज नाही, कठडा नाही. गाणारा गातोय आणि समोरची पोरं त्याच्या गळ्यात पडून त्याच्याहून मोठ्याने गातायत. कुणी मोटरसायकलच्या पार्टच्या दुकानात कामाला, कुणी कॉलेजात. टी-शर्ट स्वतः छापायचे, कॅसेट स्वतः भरायच्या. तू मला तो व्हिडिओ मेट्रोत दाखवलास, चकाल्यापासून घाटकोपरपर्यंत, एक इअरफोन तुझ्या कानात आणि एक माझ्या. मला म्हणालास, "बघ, यांचा आवाज फाटतो ना, तो फाटू देतात. आपल्याकडे लगेच म्हणतात रियाज कर."

मग तुला रिझ्की सापडला, त्या व्हिडिओतला ड्रमर. त्याची मोडकी इंग्रजी आणि तुझी मोडकी इंग्रजी. तो तुला शब्द पाठवायचा. एकदा तू उड्या मारत आलास. "अगं, त्यांच्यात दुःखाला दुका म्हणतात. आपल्याकडूनच गेलंय."

"म्हणजे आपण दुःखच एक्स्पोर्ट केलं?"

"दुसरं काय होतं आपल्याकडे?"

त्यांची एक गोष्ट तुला फार आवडायची. संध्याकाळी अजान झाली की गिग थांबते. अँप्लिफायर बंद. ज्यांना नमाजाला जायचं ते जातात, बाकीचे पायरीवर बसून सिगारेट ओढतात. मग परत आत येऊन किंचाळायला सुरुवात. "देवाला जागा देतात गं," तू म्हणायचास. "तूच म्हणतेस ना हे सगळं पोरकट आहे?" मी म्हणायचेच. तोंडावर म्हणायचे. तुझी पोरं जमतात, रडतात आणि घरी जातात, याने काय बदलतं? तू म्हणालास, "तुमचे मोर्चेवाले कुठे जातात? घरीच जातात ना." याचं उत्तर मी शोधणार होते. तुला ऐकवणार होते.

आपली ओळखच मुळी कागदावरून झाली. पार्ल्याच्या कॉलेजच्या गेटवर मी पत्रकं वाटत होते, तू एक घेतलंस आणि पाठची बाजू बघून म्हणालास, "ही कोरी का सोडलीस? वाया गेली." पुढच्या वेळी माझ्या पत्रकाच्या पाठीवर तुझ्या गिगचं पोस्टर होतं. समोर कंत्राटी कामगारांच्या मागण्या, पाठीमागे दात विचकणारं मांजर आणि "या, रडू या". आमच्या संघटनेच्या कार्यालयात मला झापलं. पण ती पत्रकं कुणी रस्त्यावर टाकली नाहीत, घरी नेली, हे मी तुला कधी कबूल केलं नाही. आता करते. तुझ्या मांजरामुळे माझ्या मागण्या लोकांच्या घरात गेल्या, रे.

तू आणि केदार, दोघांचाच बँड. केदार ड्रमवर, तू गिटार आणि गाणं. पार्ल्याच्या केदारकडे पैसा होता, घाटकोपरच्या तुझ्याकडे ओळी. खोली मात्र दोघांकडेही नव्हती. पार्ल्यातली सोसायटी ड्रम ऐकून घेत नाही आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये भिंतीपलीकडे बारावीची मुलगी. म्हणून तो गाळा. खाली साचे बनवायचं वर्कशॉप, वर पोटमाळ्यासारखी खोली, अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या भिंती, गळका एसी. आपल्या उपनगरांतला झाडून सगळा बँडवाला तिथे येऊन गेलाय. बोरिवली, मुलुंड, कुठकुठून. मालकाला सगळे अंकल म्हणायचे. अंकल उपकार केल्यासारखी चावी द्यायचे.

आणि त्या खोलीत किस होता.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तिथल्या बोर्डांना अर्थिंगच नव्हतं. सॉकेटला वरचं मोठं भोक होतं, पण त्याच्या मागे वायर नव्हती. नुसतं दाखवायला. गिटार हातात असताना ओठ माइकला लागला की सण्णकन मुंग्या यायच्या. कधी कमी, कधी डोळ्यांपुढे पांढरं. याला तुम्ही लोक "माइकचा किस" म्हणायचात. नवीन गायक आला की त्याला मुद्दाम सांगायचं नाही. तो ओरडला की सगळे टाळ्या वाजवायचे, झाला आता आमच्यातला. झकास गंमत. माइकला स्पंजची टोपी चढवायची, त्यावर रबरबँड, आणि चालू. माझ्या संघटनेतला वायरमन हे ऐकून हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "ताई, त्यांना सांगा, भिजलेला स्पंज आणखी वाईट."

मी सांगितलं. त्याआधीही किस हा शब्द ऐकला तेव्हापासून सांगत होते. तू काय म्हणालास ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तक्रार केली की अंकल खोली बंद करेल. मग वाजवू कुठे? तुझ्या मोर्च्यात?"

"हो. मोर्च्यात वाजव."

"तुमचा ढोलवाला माझ्यापेक्षा लाऊड आहे."

आणि हसत जिना उतरून गेलास. आपलं शेवटचं भांडण ते. तुझं बरोबर होतं, खोली बंदच झाली असती. माझंही बरोबर होतं. दोघांचं बरोबर असून तू गेलास. कुणी मला सांगतं की नशीब, तर माझं डोकं फिरतं. नशीब नाही. या शहरात पोरांना ओरडायला एक धड खोली नाही आणि जी आहे ती मारते, याला नशीब म्हणत नाहीत.

बाकीचे निदान बूट घालून उभे राहायचे. तू नाही. आबांनी शिकवलेलं, वाद्याजवळ पायताण न्यायचं नाही. गिटारच काय, तू पायाने दाबायच्या त्या पेडललाही आधी वाकून हात लावायचास आणि मगच अनवाणी पाय ठेवायचास. मी किती टिंगल केली. "मलांगची पोरं गिटार भिंतीवर आपटतात, आणि तू पेडलच्या पाया पडतोस." तू शांतपणे म्हणायचास, "ते त्यांच्या आबांना विचारतील, मी माझ्या." एसीचं पाणी खालच्या सतरंजीत मुरलेलं असायचं. त्या गुरुवारी केदार चहा आणायला खाली गेला. वर आला तेव्हा तू पडलेला होतास, गिटार अंगावर, माइक बाजूला आणि तुझ्या चपला दाराबाहेर जोडीने काढलेल्या.

अंकलचं म्हणणं, तू बोर्ड उघडून वायर धरलीस. तुझ्या आईने तुला शेवटचं पुसलं तेव्हा तुझा खालचा ओठ काळा पडलेला होता आणि डाव्या हाताची बोटं. म्हणजे तारा दाबायचा हात. मी हे साहेबांपुढे मांडलं. वायर धरायला कुणी ओठ नेत नाही, साहेब. साहेब म्हणाले, "तोंडात धरली असेल. ही पोरं काहीही करतात."

तुझ्याबद्दल काहीही खपतं, हृषी. केस तसे होते ना. मेट्रोच्या तपासणीतला तो माणूस रोज विचारायचा, "दिसतं का रे त्यातून?" आणि तू रोज सांगायचास, "नको ते दिसत नाही." सगळे हसायचे. आता त्याच केसांकडे बघून लोक माना हलवतात, की कळायला हवं होतं.

तुला आठवतो का तुमच्या बिल्डिंगचा गणपती? स्थानिक कलाकारांच्या कार्यक्रमात तुझं नाव बाबांनीच दिलं होतं, भावगीत समजून. तू आबांचं गाणं सुरू केलंस आणि बाबा पहिल्याच ओळीला उठून घरी गेले. पहिल्या कडव्यानंतर मंडळाचे सेक्रेटरी काका माइकपाशी येऊन काळजीने विचारायला लागले, "बाळा, कुणी गेलं का रे घरात?" पोरं लोळली हसून. तू म्हणालास, "हो काका, आबा." मग हसू थांबलं. काकांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मग पुरं म्हण." तू पुरं म्हटलंस. तुझी आई प्रसादाचं ताट हातात धरून तशीच उभी होती. तिला एक ओळ कळली असेल नसेल, पण ती बघत होती. त्या मांडवात तुला कुणी मरायला निघालेला पोरगा म्हणालं नाही. तेच काका तुझ्या दहाव्याला मला म्हणाले, "डिप्रेशन होतं गं त्याला, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं." मी विचारलं, "तेव्हा म्हणजे कधी, काका?" ते दुसरीकडे गेले.

केदारचं सांगू? सांगतेच, लपवून काय करू. त्याने जबाबात सांगितलं की त्या खोलीत त्याला कधी करंट लागला नाही. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने दार अर्धं उघडलं. चांगल्या बाई आहेत, तुला दर वेळी थालीपीठ खायला घालायच्या. म्हणाल्या, "हे बघ, त्याचं बाहेर शिकायला जायचं चाललंय. व्हिसाच्या वेळी पोलिसांचं लफडं नको. आणि गेलेला परत येतो का गं?" आतून केदार बाहेर आला. तो रडला. खूप रडला. म्हणाला, "मी रोज त्याचं स्वप्न बघतो." मी म्हटलं, "स्वप्न चौकीत सांगता येत नाही, केदार. किस सांगता येतो." त्याने आईकडे बघितलं. मी निघाले.

पुढच्या आठवड्यात गाळ्यात नवा बोर्ड बसला. नवीन वायर, अर्थिंगसकट, सगळं नियमात. साहेबांनी येऊन बघितलं आणि समाधान व्यक्त केलं. म्हणजे तुला ज्याने मारलं ते उपटून भंगारात गेलं. आता ते फक्त माणसांच्या ओठांवर उरलंय, ज्यांना ज्यांना तिथे झटका बसला त्यांच्या. मी एकेकाला फोन केले. "हो ना यार, भयंकर व्हायचं," सगळे म्हणतात. जबाब देशील? मग आवाज बदलतो. घरचे, नोकरी, अंकल ओळखीचे आहेत, आम्हाला तिथेच वाजवायचंय. सगळ्यांनी तुझे फोटो टाकले, काळे-पांढरे, खाली तुटलेलं हृदय. जबाब एकानेही नाही दिला.

हे सगळं मी कशासाठी करतेय, असं तू विचारशील. खोलीसाठी नाही, अंकलला आत टाकायलाही नाही, तो जाणार नाही हे मला कळतं. तुझ्या आईसाठी करतेय.

ती दुपारी मला बोलावते. तुझ्या गादीवर बसवते आणि तोच प्रश्न विचारते. "तुला तरी बोलला होता का गं? काय कमी पडलं त्याला?" मी सांगते, मावशी, तो मेला नाही, त्याला मारलं, वायरिंगने. ती मान हलवते, पण तिच्या हातात कागद आहे आणि कागदावर शिक्का आहे, आणि माझ्या हातात काही नाही. मामेभावाच्या लग्नाआधी केस काप म्हणून ती त्या गुरुवारी सकाळी तुझ्यावर ओरडली होती. तू मला मेसेज केला होतास, "आई जिंकली, शनिवारी कापतोय, शेवटचं बघून घे." मला वाटलं हा मेसेज दाखवावा. शनिवारचा बेत केलेला मुलगा गुरुवारी कशाला जीव देईल? मी दाखवला. तिने तीन-चारदा वाचला, "शेवटचं"वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच."

तेव्हापासून मी तिला काही दाखवत नाही.

रिझ्कीने पाठवलेला व्हिडिओही नाही दाखवला. मलांगमध्ये त्यांनी तुझ्यासाठी गिग केली. तीच ती खोली. ती पोरं तुझं मराठी गाणं गातायत, कागदावर उतरवून, उच्चारांची पार वाट लावून. उशाचा दिवा म्हणता येत नाही त्यांना. एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून गातायत. आबांचे शब्द, हृषी, समुद्रापलीकडे. तुला कधी न भेटलेली माणसं. मी तो एकदा बघितला आणि तुझे आभार मानले, मनात, मोठ्याने मानायची सवय नाही मला. मग रिझ्कीचा प्रश्न आला: तुमच्या तिकडे काय झालं, मालकावर केस झाली का, तुमची पोरं काय करतायत?

मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहू, की फोटो टाकतायत?

मला आशा नाही. खोटं कशाला बोलू तुझ्याशी. चौकीतली फाइल बंद व्हायला टेकलीय आणि तुझ्या आईला उरलेलं आयुष्य त्या एका शब्दासोबत काढायचंय. तू असतास तर यावर गाणं केलं असतंस. मला गाणं येत नाही. मला फक्त मागणी लिहिता येते. म्हणून आता तुझ्याशी नाही, हे वाचणाऱ्यांशी बोलते.

तुम्ही त्या गाळ्यात गायला आहात. तुमच्या ओठाला करंट लागला होता, तुम्ही ओरडला होतात आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते कधी झालं, कुणासमोर झालं, एवढंच साध्या मराठीत लिहा, खाली स्वतःचं खरं नाव घाला आणि येत्या सोमवारी सकाळी चौकीत आणून द्या. मी दाराबाहेर उभी असेन. फुलं आणू नका, मेणबत्त्या आणू नका, मला सॉरी म्हणू नका. जबाब द्या.